अंतरपाटावरची मांजर

माह्या आज्यानं एकदा कापडावर पेरूचं झाड काढलं होतं. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं त्याच्यावरचे तीन पेरू पोपटानं खाल्लेले. पोपटही त्याच कापडावरचा. आमच्या वडनेरात हे मी इतक्या खेपा सांगितलं हाये का आता शाळेतली लेकरंही मधात टोकतात, आजी, मागच्या वेळी दोनच पेरू होते म्हून. मी म्हनतो, बाप्पा, पोपट मोठा झाला ना.

तर माही ख्याती अशी. झुंबर आजीच्या गोष्टीत भाजी कमी आन् मीठ जास्त. याचं मले कधी वाईट वाटलं नाई. पन मागच्या वैशाखात अशी पाळी आली का मी सोळा आने खरं बोलली, आन् घरातल्या एकाही मानसानं ते खरं धरलं नाई.

आमी रंगारी. माहा आजा समुद्राकडून, मासळीपट्टनाहून, पाठीवर कापडाचा गठ्ठा आन् कानावर कलम ठेवून इकडे चालत आला. वाटेत नदी आडवी आली तं त्यानं कापडावर पूल काढला आन् त्याच्यावरून पलीकडं गेला. आमच्या कामाले कलमकारी म्हनतात. ठसा नाई, मशीन नाई. बांबूची काडी घ्याची, टोकाजवळ लोकरीची चिंधी गुंडाळाची, सुतानं घट्ट बांधाची. चिंधी रंग पिते, बोटानं दाबलं का थेंब थेंब सोडते. काळा रंग घरचाच. गंजलेले खिळे, बैलाच्या पायाची जुनी नाल आन् गूळ, वीस दिवस पान्यात कुजवाचं. शेजारी नाक धरतात, पन रंग असा होते का अमावस्येनं उसना मागून न्यावा.

पन रंगाच्या आधी कापडाले दूध पाजा लागते. हिरड्याची पूड म्हशीच्या दुधात कालवाची, मांजरपाटाचं कोरं कापड त्यात बुचकळाचं, पिळाचं, उन्हात वाळवाचं. दूध प्यालेलं कापड शहान्या लेकरावानी वागते. रंगाले म्हनते, तुले जिथं ठेवलं तिथंच बस. बिनदुधाच्या कापडावर रेघ ओढा, ते पान्यात पडलेल्या वातीवानी फुगते.

आता साड्या-चादरी कोनी माह्याजवळून काढून घेत नाई. पन गावात कोन्या पोरीचं लगन निघालं का अंतरपाट माह्याच हातचा. मधात मोराची जोडी, वर चांद-सूर्य, खाली वेल. आन् नवरीच्या बाजूले, खालच्या कोपऱ्यात, बोटाएवढी तिची एक लहानपनची खोडी. एकीनं बापाची चप्पल विहिरीत टाकली होती, तं तिच्या अंतरपाटावर विहीर आन् चप्पल. एकीनं गुनपत्रिका बकरीले चारली होती, तिच्यावर बकरी. भटजी मंगलाष्टकं म्हनतात, सारा मांडव गंभीर, आन् नवरी खाली मान घालून खुदखुदते. लोक म्हनतात, पोरगी लय लाजाळू हाये.

आन् आता लगन माह्याच नातीचं होतं. सुचिता, माह्या मोतीरामची पोरगी, बुलढान्याले कॉलेजात नोकरीले. ती सहा वर्साची असताना कापडासाठी ठेवलेलं पातेलंभर दूध तिनं मांजरीले पाजलं होतं आन् वर मलेच सांगितलं होतं, आजी, कापडानं पेलं म्हून. तवाच मी ओळखलं, ही पोरगी माह्यावर गेली. त्याच दिवशी तिचा अंतरपाट मी मनात काढून ठेवला. कोपऱ्यात वाटी, आन् वाटीत तोंड घातलेली मांजर. वीस वर्स ते चित्र मी संभाळलं होतं.

दूध दरसाली नूरजहांच्या म्हशीचं. नूरजहां माही शेजारीन, आमची संगत पन्नास वर्साची. म्हशीचं नाव बिजली. पन औंदा बिजली गाभन, दूध आटलेलं. हे सुचिताच्या होनाऱ्या सासऱ्याले, म्हंजे आमच्या इवायाले समजलं. रामराव त्यायचं नाव, मोताळ्याले त्यायची दुधाची डेअरी. त्यायनं फोन केला, मावशी, आमी मेलो काय, उद्यापासून दोन लीटर घरपोच. दुसऱ्या दिवसापासून त्यायचा गाडीवाला गोविंदा सकाळी दूध देऊन जाऊ लागला.

इथंच मी चुकली. दरसाली मी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन पाहतो. थेंब बसला तं दूध, पळाला तं पानी. पन इवायाच्या घरून आलेलं दूध नखावर घेनं म्हंजे इवायाच्या तोंडावर संशय घेनं. नूरजहांच्या दुधाची मी पन्नास वर्स परीक्षा घेतली, ती कधी रुसली नाई. इवायाची एक दिवसही घेतली नाई. मान ठेवला आन् कापड बुचकळलं.

लगनाले अकरा दिवस होते. मी ओट्यावर बसली, चिंचेच्या कोळशानं मोर आखला, आन् कलम टेकवली. मोराची मान सुजली. गालगुंड झाल्यावानी. दुसरं कापड घेतलं, मोराचा पायही सुजला. तिसऱ्यावर तं मोर का म्हैस, तेच समजेना.

माही सून गीता दारात उभी राहून पाहत होती. गीता एरवी तोंडाची तिखट. त्या दिवशी ती मऊ बोलली, आन् तेच मले टोचलं. म्हने, आत्याबाई, पंच्याहत्तर झाले तुमाले, हात कापते तं त्यात लाज कायची. मोतीरामनं तं तोडगाच काढला. मलकापुरात छापून भेटते, त्याच्यावर नवरा-नवरीचा फोटूही टाकून देतात. मी त्याले म्हनलं, अंतरपाट कायले धरतात रे? एकमेकाचं तोंड दिसू नये म्हून. आन् तू त्याच्यावरच तोंडं छापून आनतं. तो हासला, पन म्हने, मी छापखान्यात सांगून ठेवतो, चार दिवसात तुह्यानं जमलं तं रद्द करू. सुचितानं नुसता माहा हात हातात घेतला आन् उलटा-सुलटा करून पाह्यला, डॉक्टरवानी.

खोटं कायले सांगू, मलेही वाटलं का हात गेला. चहाचा कप उचलला तं चहाकडे नाई, बोटाकडे पाहत राह्यली. गावातल्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या माह्या रेघेपुढं उभ्या राह्यल्या, आन् घरच्या पोरीच्या वक्ताले रेघ फुटली.

दुपारी कलमा बांधून पेटीत ठेवाले गेली, म्हनलं आता बस झालं. पेटीच्या तळाशी मागच्या सालची एक पट्टी सापडली, बिजलीच्या दुधातली. सहज, शेवटची म्हून, तिच्यावर एक रेघ ओढली. रेघ अशी उभी राह्यली जशी सायेब आल्यावर शाळेतली पोट्टी. दुसरी ओढली, तिसरी ओढली. पट्टी भरली, एक रेघ फुटली नाई. कलम तीच, काळा तोच, हिरडा तोच, हात तोच. बदललं होतं फक्त दूध.

उरलेलं दूध मी मांजरीपुढं ठेवलं. मांजरीनं हुंगलं, माह्याकडं पाह्यलं, आन् तोंड फिरवून शेपूट वर करून चालली गेली.

संध्याकाळी घरात सांगितलं, आन् दुसरी चूक केली. मांजरीचं आधी सांगितलं, पट्टीचं मंग. मांजर आयकूनच गीताले हासू फुटलं. मोतीराम म्हने, "आई, आजपर्यंत पोपट होता, आता मांजर आली. पन इवायाच्या दुधावर गोष्ट रचू नको. लगन मोडन." पट्टी त्यानं हातातही घेतली नाई. डेअरीत मशीन हाये, म्हने, मशीन फॅट मोजते, मशीन खोटं बोलत नाई. म्हंजे बोलनारी घरात एकच होती.

मी नूरजहांकडं गेली. तिनं सगळं आयकलं, माह्या तोंडाकडं पाहत. मंग म्हने, "झुंबर, तू फेकतं तवा तुही डावी भुवई वर जाते. आज जाग्यावर हाये. चाल, उद्या मोताळ्याले जाऊ."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. घरी सांगितलं का बांगड्या पाहाले जातो. पिशवीत कलम, काळ्याची बाटली, हिरड्याची पुडी आन् मांजरपाटाच्या आठ पट्ट्या. यष्टीत नूरजहां खिडकीशी बसून तसबीचे मनी फिरवत होती, आन् मी मनात म्हनत होती, देवा, आज माह्या जिभेले आवर. वाढवाची सवय पडलेली. वाढवलं का गेलं सारं.

डेअरीवर गर्दी होती. आसपासचे शेतकरी, बाया, क्यानी घेऊन रांगेत. रामराव खुर्चीवर, बाजूले ते मशीन, देव्हाऱ्यावानी पुसलेलं. मले पाहून ते उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला. मानूस भला. आवाज मोठा, पन मन त्याच्याहून मोठं. म्हून मले त्यायले चारचौघात खाली पाहाले लावाचं नव्हतं. मी एवढंच म्हनलं, "रामराव, माहा हात बिघडला हाये नाईतं दूध बिघडलं हाये. दोनातलं एक. तुमीच ठरवा, तुमी म्हनसान ते मी मानीन."

रांगेतल्या बाया पुढं सरकल्या. रामरावचे कान लाल झाले. त्यायनं मशीन चालवून दाखवलं, काचेत आकडे आले, सात फॅट. म्हने, मावशी, हे पाहा, मशीन बोलते. नूरजहां मागून हळूच म्हने, मशीन बोलते खरी, पन पेत कुठं हाये, कापड तं पेते.

लोक हासले. मी पिशवीतल्या पट्ट्या काढून पुढं ठेवल्या, म्हनलं, दुधात हिरडा कालवून ह्या बुचकळा, दूध खोटं असन तं रेघ फुटते. रामराव इरेले पेटले. म्हने ठीक, लावू पैज. तुमी पाठमोऱ्या बसा, मी माह्या हातानं आठ पट्ट्या वेगवेगळ्या दुधात बुचकळतो, नंबराच्या गाठी मारून ठेवतो. कोन्ती पट्टी कोन्त्या दुधातली ते माह्या तळहातावर लिहून ठेवतो. तुमी रेघ ओढून बिघडलेलं दूध काढून दाखवा. एक जरी चुकली, तं अंतरपाट छापलेला येईन आन् ही गोष्ट तुमी पुन्हा कुठं सांगाची नाई. आता मले गोष्ट सांगाची नाई म्हनजे श्वास घ्याचा नाई. पन मी हाव म्हनलं.

भिंतीकडं तोंड करून बसली. मागं पान्याचा, क्यानीचा आवाज. पट्ट्या वाळवाले कुठं टाकल्या, तं दुधाच्या गाडीच्या बॉनेटवर. वैशाखाचं ऊन आन् तापलेलं लोखंड, चहा संपेपर्यंत पट्ट्या पापडावानी कडक. गाडीवाला गोविंदा तिथंच उभा होता, तंबाखू मळत. पाच गावचं दूध गोळा करून डेअरीवर आननारा तोच, आन् आमच्या घरी दोन लीटर देनाराही तोच.

रामरावनं पहिली पट्टी पुढं केली. मी मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर पट्टी, आन् कलम काळ्यात बुडवली. तेव्हा, सांगतो, हात कापला. पंच्याहत्तर वर्साचा हात, पन्नास मानसं वाकून पाहून राह्यली, न कापाले तो काय खांब हाये? मी डोळे मिटले, माह्या बापाचा शब्द आठवला, रेघ हातानं नाई, श्वासानं ओढाची. श्वास सोडला आन् कलम खाली आली. रेघ सरळ, काळीभोर, सुईत ओवून घ्या अशी.

दुसरीवर रेघ थांबली, पन कडेले बारीक बारीक मुळ्या फुटल्या. मी म्हनलं, हे गाईचं हाये. दूध खरं, पन पातळ. रामरावनं तळहाताकडं पाह्यलं आन् पुढची पट्टी दिली. तिसरीवर कलम टेकताच रंग पळाला, बोटाएवढा डाग. मी पट्टी बाजूले ठेवली. चौथी सरळ. पाचवी पळाली. सहावीची रेघ अशी बसली का पाहत राहावं. मी म्हनलं, हे तुमच्या घरच्या म्हशीचं, सरकी खाऊन खाऊन माजलेली दिसते. बायांनी तोंडाले पदर लावला. आता हे मी कसं ओळखलं, तं पट्टी देताना रामरावच्या मिशीखाली हासू होतं. पन हे मी तिथं कायले सांगू? सातवी सरळ. आठवी पळाली.

"तीन, पाच आन् आठ," मी म्हनलं. "ही तिन्ही एकाच जागची हाये. आन् दुधापेक्षा त्याच्यात दुसरंच काही जास्त हाये."

रामराव तळहात पाहत उभे राह्यले. एक वेळ पाह्यलं, दोन वेळ पाह्यलं. मंग हात रांगेकडं धरून दाखवला. तीन, पाच, आठ, तिन्हीसमोर एकच शब्द लिहिला होता, गाडी. बाकी पाच पट्ट्या रांगेतल्या मानसाईच्या क्यानीतल्या आन् घरच्या.

गोविंदा म्हने, साहेब, उन्हाचं दूध हाये, आन् मशीन तं पास करते ना. रामरावनं त्याच्याकडं पाह्यलं नाई. गाडीतल्या क्यानीतलं दूध काचेच्या बाटलीत घेतलं, बुच लावलं आन् हलवलं. फेस वर आला. आमी थांबलो. फेस बसेना. वच्छलाबाई नावाची एक म्हातारी रांगेतून पुढं आली, तिनं बाटली नाकाशी धरली आन् म्हने, माह्या सुनेची धुतलेली लुगडी असाच वास मारतात. गाडीच्या सीटखाली धुन्याची पावडर निघाली आन् तेलाचा डबा. गावचं खरं दूध गोविंदा वाटेत हॉटेलाईले विकत होता, आन् उरलेल्यात पानी, तेल आन् पावडर घुसळून क्यान भरत होता. तेलानं मशीनले फसवलं, तिनं सात फॅट मोजले. पावडरीले कापड काही फसवता आलं नाई. पावडर असली का रंग पळते, धुन्याचं कामच ते.

गोविंदा असा पळाला का त्याची सावली मोताळ्यातच राह्यली, तिले मंग दुसऱ्या यष्टीनं पाठवा लागलं. बरं, सावलीचं सोडा. नाक्यावर पोट्ट्याईनं त्याले धरलं आन् रामराव सोता त्याले ठान्यात घेऊन गेले, हे खरं.

पन जायच्या आधी त्यायनं एक काम केलं. गाडीतल्या साऱ्या क्यानी, एकही गडी न बोलावता, आपल्या हातानं नालीत उपड्या केल्या. पांढऱ्या शर्टावर शिंतोडे. मंग माह्यापुढं आले, सगळ्या रांगेदेखत वाकून पाया पडले आन् म्हनले, "मावशी, तुमचा हात नाई बिघडला. माही डेअरी बिघडली होती. माह्या घरात सून येईन ते तुमच्याच रेघेपुढून."

नूरजहांनं माह्या पाठीवर असा हात मारला का दुसरा कोनी असता तं पडला असता.

ठान्यातून परत येऊन रामरावनंच आमाले त्यायच्या मोटारीनं वडनेरले सोडलं, संग घरच्या म्हशीच्या दुधाची बरनी. वाटेत गाडी थांबवून मी बरनीतला थेंब नखावर घेतला. रामराव पाहत होते. थेंब बसला. ते म्हने, असंच पाहत जा मावशी, पहिल्याच दिवशी पाह्यलं असतं तं बरं झालं असतं.

घरी मी एक शब्द बोलली नाई. खाटेवर बसली आन् पाय चोळत राह्यली. सारं रामरावनं सांगितलं. मोतीराम कधी त्यायच्याकडं पाहे, कधी माह्याकडं. शेवटी तो उठला, बाहेर गेला आन् मलकापूरच्या छापखान्याले फोन लावला. आत आयकू येत होतं, नाई भाऊ, रद्द करा, आमच्या घरी हाये काढनारी. गीतानं पेटीतून माह्या कलमा काढून आनल्या आन् बांधलेली गाठ सोडून ठेवली. पाच मिनिटानं ती रामरावदेखतच म्हने, आत्याबाई, ते मांजरीनं दूध हुंगून सोडल्याचं खरंच होतं काय. मी म्हनलं, मांजरीलेच विचार.

तीन दिवस मी ओट्यावरून उठली नाई. मोराची मान काकडीवानी उतरली. चांद-सूर्य, वेल, पानं. लाल मंजिष्ठेच्या मुळीचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा. गावातल्या बाया कारन काढून काढून येत, कोनी मीठ मागाले, कोनी मीठ परत कराले. सुचिता कोपरा पाहाले धडपडत होती. मी कोपऱ्यावर वाटी पालथी घालून ठेवली होती.

लगनाच्या दिवशी मांडवात पाच हजार लोक होते. बरं, पाचशे. दोघाईनं अंतरपाट धरला. वाऱ्यानं मोर हलले. अर्धे लोक नवरीले सोडून कापडाकडं पाहत होते, आन् मी लोकाईकडं. भटजींनी सूर लावला. सुचितानं हळूच कोपऱ्यात पाह्यलं.

वीस वर्स मनात ठेवलेलं चित्र मी काढलंच होतं. वाटी तीच, मांजर तीच. फक्त तिचं तोंड वाटीत नव्हतं. हुंगून, तोंड फिरवून, शेपूट वर करून ती चालली होती. आन् तिच्या डाव्या डोळ्यावर मी एक भुवई काढली होती, अगदी जाग्यावर. मांजरीले भुवई नसते हे मलेही ठाऊक हाये.

सुचिता खुदखुदली नाई. मोठ्यानं हासली, मांडवभर. नवरदेव पलीकडून विचारते काय झालं, काय झालं. त्याच्या मागं उभे असलेले रामराव वाकले, कापडातून उलटं दिसनारं चित्र त्यायनं ओळखलं, आन् त्यायच्या त्या मोठ्या आवाजात असे हासले का भटजींचं मंगलाष्टक चुकलं, त्यायनं ते पहिल्यापासून म्हनलं. त्या खेपेले कोनी म्हनलं नाई का पोरगी लाजाळू हाये.

मोताळ्याच्या डेअरीत आता मशीनच्या बाजूले एक कलम आन् पट्ट्याईचा गठ्ठा राहते. दर सोमवारी रामराव सोता रेघ ओढतात. त्यायची रेघ वाकडी येते, पन फुटत नाई.

आन् एक राह्यलं. अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूले झाला, तवा त्याच्यावरचा मोर ओरडला. एकदाच, पन साफ. हे मात्र अजून कोनी मानत नाई. पाहिजे तं नूरजहांले विचारा. नाई, तिले नका विचारू. ती माह्या भुवईकडं पाहते.